पैसे भरलेली रिकामी खुर्ची

१४ एप्रिल २०२२ची रात्र. आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबारा वाजले होते आणि टीव्हीवर बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ मैदान दिसत होतं. युरोपा लीगची उपांत्यपूर्व फेरी, समोर जर्मनीचा आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट. बार्सिलोनाचे रंग निळा आणि गडद लाल. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला तर सगळीकडे पांढरं! फ्रँकफुर्टचे चाहते ठरवून पांढरे कपडे घालून आले होते. नियमाने त्यांच्या वाट्याला पाच हजार जागा होत्या, आत आले होते तीस हजारांच्या आसपास. चौथ्याच मिनिटाला फ्रँकफुर्टने पेनल्टीवर गोल केला तेव्हा जो गजर उठला, तो ऐकून सामना कोणाच्या घरी चालू आहे हे कळेना. बार्सिलोना ३-२ने हरलं आणि स्पर्धेबाहेर गेलं. आपल्याला या प्रकाराची शरम वाटते, असं क्लबचे अध्यक्ष जोन लापोर्ता यांनी जाहीरपणे सांगितलं.

त्या रात्री मला खेळापेक्षा खुर्च्यांचाच प्रश्न पडला होता. बार्सिलोना हा सदस्यांच्या मालकीचा क्लब आहे. मैदानातल्या बहुतेक जागा ऐंशी हजारांहून जास्त सदस्यांच्या नावावर वर्षानुवर्षं बांधलेल्या. कित्येक जागा आजोबांकडून नातवाकडे आलेल्या. मग ती माणसं गेली कुठे? तो ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता, सुट्ट्या लागल्या होत्या, बरेच जण गावाला गेले होते. त्यांच्या जागा या ना त्या वाटेने पाहुण्यांच्या हाती पडल्या. बार्सिलोनाचे कट्टर चाहते निषेध म्हणून उत्तरार्धाच्या सुरुवातीला आपल्या जागांवर परतलेच नाहीत, आणि मैदानात आणखी एक भगदाड दिसू लागलं.

फ्रँकफुर्टच्या चाहत्यांनी त्या खुर्च्या भरल्या म्हणून ही गोष्ट जगाने पाहिली. एरवी अशा खुर्च्या नुसत्याच रिकाम्या राहतात. इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली, कुठल्याही मोठ्या मैदानावर डिसेंबरातल्या एखाद्या गारठलेल्या बुधवारी नजर टाका. तिकीटविक्री ‘फुल्ल’, प्रतीक्षायादीत हजारो लोक, आणि मैदानात मात्र जागोजागी घडी होऊन उभ्या राहिलेल्या रिकाम्या खुर्च्या. पैसे भरून माणूस येत नाही, ज्याला यायचंय त्याला तिकीट मिळत नाही. हे कसं होतं?

सुरुवात सीझन तिकिटापासूनच करू. हा शब्द आपल्याला परका नाही. मुंबईच्या लोकलचा पास रेल्वेच्या भाषेत ‘सीझन तिकीट’च असतो, आणि पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचं सीझन तिकीट काढणारे कितीतरी आहेत. फुटबॉलमध्ये त्याचा अर्थ असा, की उन्हाळ्यात एकरकमी पैसे भरायचे आणि पुढच्या ऑगस्टपासून मेपर्यंतच्या घरच्या सगळ्या सामन्यांना एकच ठरलेली खुर्ची आपली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ, त्यामुळे प्रत्येकाचे घरचे सामने १९. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या सीझन तिकिटात अनेक वर्षं याशिवाय करंडक स्पर्धांचे सात सामने धरलेले असायचे. एकूण २६. दहा महिन्यांतल्या २६ दिवसांचे पैसे, आणि ते दिवस कुठले हे भरताना माहीत नाही!

क्लबच्या दृष्टीने हा उत्तम व्यवहार आहे. उन्हाळ्यात सामने नसतात, गल्ला थंड असतो, आणि नेमके त्याच महिन्यांत नवे खेळाडू विकत घ्यायचे असतात. तेव्हा हजारो चाहत्यांचे वर्षभराचे पैसे आगाऊ हातात येतात, तेही बिनव्याजी. पुढे पाऊस पडो, संघ हरो, समोर कोणी फुटकळ संघ येवो, पैसे आलेले आहेत. खुर्चीवर माणूस बसला नाही तर क्लबचं नुकसान एवढंच, की त्याचा चहा आणि खाणं विकलं जात नाही.

आकडाही क्लबच्याच बाजूने बोलतो. प्रीमियर लीगमध्ये जी प्रेक्षकसंख्या जाहीर होते ती विकलेल्या तिकिटांची असते, गेटमधून आत आलेल्या माणसांची नव्हे. १ मार्च २०१८ला लंडनमध्ये हाडं गोठवणारी हिमवर्षावाची लाट होती. चारच दिवसांपूर्वी आर्सेनल लीग कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीकडून ३-० हरलं होतं, आणि आता पुन्हा तोच संघ समोर. आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये लाल खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी मोकळ्या होत्या, खाली वाकून न मोजताही दिसत होत्या. सिटीने पहिल्या ३३ मिनिटांत तीन गोल केले. जाहीर झालेली प्रेक्षकसंख्या होती अठ्ठावन्न हजारांच्या वर. हे सांगताना क्लबने कुठलाही नियम मोडला नाही. तितकी तिकिटं खरंच विकली गेली होती.

खरं तर ‘रिकामी खुर्ची’ ही दिसणारी वस्तू म्हणून फार जुनी नाही. १९८० च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये बहुतेक प्रेक्षक उभ्याने सामना पाहत. सिमेंटच्या पायऱ्या, मध्ये मध्ये लोखंडी कठडे, गेटवर रोख पैसे टाकून आत शिरायचं आणि मित्रांचा घोळका जिथे असेल तिथे उभं राहायचं. एखादा आला नाही तर बाकीचे जरा ऐसपैस उभे राहत. त्याच्या न येण्याचं भोक कोणाला दिसत नसे. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचे चाहते अशाच एका कोंदट भागात चेंगरले गेले. मृतांचा आकडा अखेर ९७ झाला. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९०च्या अहवालानंतर वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची देणं बंधनकारक झालं. ते व्हायलाच हवं होतं. सामना बघायला गेलेलं माणूस घरी परत आलं पाहिजे, यापुढे दुसरं काही मोठं नाही. पण त्या बदलाबरोबर प्रत्येक जागेला क्रमांक आला, क्रमांकाबरोबर नाव आलं, आणि नावाचा माणूस आला नाही की ती जागा त्याच्याशिवाय कोणाचीच नाही असं झालं.

आर्सेनलच्या जुन्या हायबरी मैदानात ‘नॉर्थ बँक’ नावाची उभ्या प्रेक्षकांची बाजू होती. खुर्च्या बसवण्यासाठी ती १९९२ला पाडली. बांधकाम चालू असताना गोलपोस्टामागे विटा-वाळू दिसू नये म्हणून क्लबने तिथे एक भलंमोठं चित्र उभं केलं. चित्रात हजारो प्रेक्षक रंगवलेले! पहिल्या चित्रात एकही काळा चेहरा नव्हता. लोकांनी ते दाखवून दिल्यावर चित्र पुन्हा रंगवावं लागलं. एक अख्खा हंगाम आर्सेनलचे खेळाडू रंगवलेल्या माणसांसमोर खेळले.

मोकळ्या जागा लपवण्याचा विचार पुढेही चालूच राहिला. इटलीत उदिने शहराच्या मैदानाचं नूतनीकरण झालं तेव्हा खुर्च्या एका रंगाच्या न ठेवता पिवळ्या, निळ्या, हिरव्या, लाल, पांढऱ्या अशा विस्कटून बसवल्या. लांबून, विशेषतः टीव्हीवर, निम्मं मैदान रिकामं असलं तरी गर्दी असल्याचा भास होतो. आर्सेनलच्या बहुतेक खुर्च्या लाल. माणूस उठला की त्या आपोआप घडी होऊन उभ्या राहतात. त्यामुळे तिथे एक खुर्ची मोकळी असली तरी डोळ्यात भरते.

आता ज्याने पैसे भरलेत त्याच्या मनात शिरू. १९८५ला हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट १५ डॉलरला मिळत असे. खिडकीवर आलेल्या पहिल्या साठ जणांपैकी काहींना त्यांनी पूर्ण भावाने तिकीट दिलं, काहींना दोन डॉलर कमी घेतले, काहींना सात डॉलर कमी. कोणाला काय मिळणार हे निव्वळ योगायोगावर. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरणारे इतरांपेक्षा जास्त नाटकांना आले. ‘पैसे भरलेत, वसूल केले पाहिजेत’ हे आपल्या घराघरांत ऐकू येणारं वाक्य तिथे आकड्यांत दिसलं. पण हंगामाच्या दुसऱ्या अर्ध्यात तो फरक विरून गेला. भरलेल्या पैशांची टोचणी काळाबरोबर बोथट होते.

याच धाग्यावर पुढे जॉन गौरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी काम केलं. सोमण हे नाव मराठी कानाला ओळखीचं वाटेल. ते कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठात वर्तन-अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. एका व्यायामशाळेत दर सहा महिन्यांनी वर्गणी भरावी लागे. वर्गणी भरल्यावरच्या महिन्यात लोक नेटाने येत, मग हळूहळू गळत, आणि पुढची वर्गणी भरली की पुन्हा गर्दी. दोघांच्या दुसऱ्या एका अभ्यासात नाट्यमहोत्सवाची तिकिटं तपासली होती. ज्यांनी एकाच नाटकाचं तिकीट काढलं त्यांच्यातलं शंभरात एखादंही माणूस जेमतेम चुकलं. ज्यांनी चार नाटकांचं एकत्र तिकीट काढलं त्यांच्या मात्र पाचातली एक खुर्ची रिकामी राहिली.

मला हा सगळ्या प्रश्नाचा गाभा वाटतो. सुट्या तिकिटाचे पैसे त्याच एका संध्याकाळला चिकटलेले असतात. गेलं नाही तर नेमकं किती बुडालं ते डोळ्यांसमोर असतं. २६ सामन्यांचे पैसे एकत्र भरले की कुठल्या संध्याकाळचे किती हा हिशोबच मनातून पुसला जातो. बाहेर पाऊस आहे, मुलाला ताप आहे, समोरचा संघ शेवटच्या क्रमांकावर आहे. ‘आज राहू दे’ म्हणताना काही गमावल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे न आलेल्या माणसाला क्लबबद्दल प्रेम नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याला प्रेम नाही तो वर्षभराचे पैसे भरतच नाही.

मग ज्याला सगळ्या सामन्यांना जमत नाही त्याने सीझन तिकीट सोडून सुटी तिकिटं का काढू नयेत? इथे प्रतीक्षायादी आडवी येते. लिव्हरपूल, आर्सेनल अशा क्लबांची यादी हजारोंत जाते आणि त्यात वर्षानुवर्षं निघतात. एकदा तिकीट सोडलं की माणूस यादीच्या शेपटीला. त्यामुळे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेला, घरात तान्हं बाळ असलेला, गुडघे दुखत असल्याने वरच्या मजल्याचे जिने चढू न शकणारा, असा कोणीही खुर्ची सोडत नाही. दोन वर्षांनी परत यायचं असतं, मुलगी मोठी झाली की तिला द्यायची असते. तो सामन्यांचे पैसे भरत नसतो, परत येण्याच्या हक्काचे भरत असतो. आणि यादी जितकी लांब, तितकी जागा सोडायची भीती मोठी. म्हणजे ज्या क्लबाला सर्वांत जास्त मागणी, तिथेच पैसे भरलेली रिकामी खुर्ची सापडण्याची शक्यता जास्त.

बार्सिलोनाने हे दुसऱ्या एका प्रसंगी अगदी स्वच्छ दाखवून दिलं. २०२३मध्ये कॅम्प नोऊची मोठी दुरुस्ती सुरू झाली आणि क्लब मॉन्टजुईक टेकडीवरच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये खेळायला गेला. तिथे यायचं नसेल तर येऊ नका, पैसेही भरू नका, जुन्या मैदानातला तुमचा हक्क शाबूत राहील, अशी मुभा सदस्यांना दिली. ऐंशी हजारांच्या वर सदस्यांपैकी फार थोड्यांनीच टेकडीवरची तिकिटं घेतली. टेकडी चढायची म्हणून काही थांबले असतील, पण हक्क जपला जातोय म्हटल्यावर खेळ बघण्याची निकड किती उरते, तेही दिसलं.

दोष एकट्या चाहत्याचाही नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनचा सामना ही पिढ्यांची वहिवाट होती. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तिथे आजही कुठलाच सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. १९६०च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी इतर क्लबांना ही गोष्ट पटवून दिली. घरी बसून मोठ्या संघाचा सामना दिसू लागला तर छोट्या क्लबाच्या गेटवर कोण येणार, हा त्यांचा साधा सवाल होता. पण १९९२ला प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, आणि सामने रविवार, सोमवार, शुक्रवार असे पांगू लागले. वेळापत्रक जूनमध्ये येतं, आणि मग टीव्ही कंपन्या त्यातले सामने उचलून आपल्या सोयीच्या दिवशी ठेवतात. शनिवारच्या हिशोबाने तिकीट घेतलेल्या माणसाला सोमवारी रात्री आठला बोलावलं जातं. परतीची शेवटची गाडी, सकाळची शाळा, दुकानातली पाळी, हे सगळं त्याने कुठे ठेवायचं?

जर्मनीत चाहत्यांनी याला उत्तर दिलं ते रिकाम्या जागांनीच. बुंडेसलीगाने सोमवारचे काही सामने सुरू केल्यावर १९ फेब्रुवारी २०१८ला फ्रँकफुर्टच्या चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू भिरकावले आणि खेळ थांबवावा लागला. पुढच्याच सोमवारी दॉर्टमुंडमध्ये ८१ हजारांच्या मैदानात ५४ हजारांच्या आसपासच लोक होते. ज्यांच्याकडे सीझन तिकिटं होती ते ठरवून घरी बसले. दक्षिणेकडची पंचवीस हजार माणसांची ती प्रसिद्ध पिवळी भिंत त्या रात्री भेगाळलेली दिसत होती. २०२१-२२च्या हंगामापासून सोमवारचे सामने बंद झाले. न येणाऱ्याचं म्हणणं क्लबांनी ऐकलं, असं एखादंच उदाहरण माझ्या माहितीत आहे, आणि ते हे.

एवढं असताना आपली जागा मित्राला किंवा अनोळखी माणसाला विकून टाकणं सोपं वाटेल. पण इंग्लंडमध्ये १९९४च्या एका कायद्याने क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा गुन्हाच आहे. नाटकाचं, गाण्याचं तिकीट विकता येतं, फुटबॉलचं नाही. विरुद्ध संघाचे चाहते एकमेकांत मिसळून मारामारी होऊ नये हा त्यामागचा हेतू. कॅम्प नोऊमध्ये दंगल झाली नाही हे सुदैव, पण त्या रात्री काय होऊ शकलं असतं याची कल्पना करून बघा, म्हणजे हा कायदा का आहे ते कळतं. पण त्याचा परिणाम असाही झाला, की शेजारच्या काकांकडून पाकिटात मिळणारं तिकीट बंद झालं आणि खुर्ची मोकळी राहू लागली.

म्हणून क्लबांनी स्वतःच देवाणघेवाणीची सोय काढली. सामन्याच्या काही दिवस आधी जागा मोकळी केल्याचं कळवायचं, क्लब ती दुसऱ्या सदस्याला विकतो आणि त्या सामन्यापुरते पैसे पुढच्या वर्षीच्या रकमेतून वळते करतो. बार्सिलोनात हे ‘मोकळी खुर्ची’ या अर्थाच्या नावाने जुनं आहे. आर्सेनल आणि इतर इंग्लिश क्लबांतही ते आहे. दुसरीकडे दंडाची वाट. म्युनिकच्या बायर्नने ठराविक संख्येपेक्षा कमी वेळा वापरलेलं सीझन तिकीट पुढच्या वर्षी न देण्याची अट घातली. इंग्लंडमध्येही अशा अटी वाढत चालल्या आहेत. तिकीट आता फोनवर असल्यामुळे कोण किती वेळा गेटमधून आलं हे क्लबला एका क्षणात दिसतं.

अटीत तथ्य आहे. यादीत तिष्ठत असलेल्या पोरांकडे पाहिलं की ते पटतं. एकाच घरात पाच-पाच तिकिटं अडवून ती पर्यटकांना चढ्या भावाने देणारेही आहेत आणि त्यांना धरलंच पाहिजे. पण मोजणी करणारं यंत्र सत्तरीतल्या आजारी माणसाला आणि त्या दलालाला एकाच रकान्यात टाकतं. एका रांगेत तीस वर्षं तीच माणसं बसतात. पलीकडच्याचं नाव धड ठाऊक नसतं, पण त्याची टोपी ओळखीची असते, तो गोलानंतर कसा ओरडतो ते ठाऊक असतं. एके दिवशी ती खुर्ची घडी होऊन उभी राहते. शेजारचा तिच्यावर आपला कोट ठेवतो. दुसऱ्या सामन्यालाही कोट. तिसऱ्याला तो चौकशी करू लागतो. अशा खुर्चीबद्दल क्लबने आधी फोन करावा, तिकीट काढून घेण्याचं पत्र मग पाठवावं, असं मला मनापासून वाटतं.

जागा सोडणं सोपं आणि परत येणं निश्चित असेल, तर निम्मा प्रश्न आपोआप सुटेल. दोन हंगाम थांबतो, माझी खुर्ची दुसऱ्याला द्या, नंतर मी येतो, असं ज्याला निर्धास्तपणे म्हणता येईल तो ती रिकामी का ठेवेल? बार्सिलोनाने टेकडीवर जाताना सदस्यांना जे दिलं, तेच एखाद्याला तान्ह्या मुलासाठी किंवा आईच्या आजारपणासाठी मिळायला काय हरकत आहे?

एकदा तर सगळ्यांच्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. २०२०च्या मे महिन्यात कोरोनामुळे जर्मनीतले सामने प्रेक्षकांविना सुरू झाले. माँशेनग्लाडबाख शहराच्या बोरुसिया क्लबच्या चाहत्यांनी तेव्हा एक योजना काढली. आपला फोटो पाठवायचा, १९ युरो भरायचे, आणि आपला पुठ्ठ्याचा पुतळा मैदानात उभा करून घ्यायचा. हजारोंनी पैसे भरले. सीझन तिकीटधारकांनी आपल्याच नेहमीच्या जागेवर आपला पुतळा ठेवून घेतला. घरी बसून टीव्हीवर सामना लावायचा आणि कॅमेरा त्या बाजूला वळला की ओळ मोजत, खांब मोजत, आपला चेहरा शोधायचा.